सतरा नंबरची बाई

धामणखेडच्या नळाला पाणी सोडायचं मधुकर व्हॉल्व्हमनने आणि ते कोणत्या गल्लीत कधी येणार हे गावाला सांगायचं विमलताईंनी, अशी गेली सात वर्षं वाटणी होती. ती कुणी ठरवलेली नव्हती. नगरपालिकेने तर नाहीच नाही. नगरपालिकेला काही ठरवता येत असतं तर पाणी रोज आलं नसतं का? मधुकर पहाटे पाचला व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून निघायचा आणि निघता निघता विमलताईंच्या फोनवर बोलून ठेवायचा, "काकू, आज तीन आणि पाच." म्हणजे त्या नंबरच्या व्हॉल्व्हवरच्या गल्ल्या. विमलताई ते आठ बायकांना लिहून कळवायच्या, त्या आठजणी आपापल्या गल्लीला कळवायच्या आणि अर्ध्या तासात साडेतीनशे घरांतले हंडे-कळश्या नळाखाली लागायच्या.

म्हणूनच सुनेच्या बाळंतपणासाठी न्यूझीलंडला जायचं ठरलं तेव्हा विमलताईंनी मुलाला पहिला प्रश्न विचारला तो थंडीचा नव्हता की खाण्यापिण्याचा नव्हता.

"शार्दूल, आपले पहाटेचे पाच म्हणजे तुमच्याकडे किती वाजतात रे?"

"दुपारचे साडेबारा, आई."

"अगंबाई, मग तर बरंच झालं. लवकर उठायलाही नको!"

तेव्हापासून ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समधल्या त्या लाकडी घरात रोज साडेबाराला विमलताई हातातलं काम टाकून मागच्या डेकवर, म्हणजे फळ्यांच्या ओट्यावर, यायच्या. फोन कानाला लावायच्या, चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायच्या आणि एका बोटाने टाइप करायच्या. 'आज तीन आणि पाच. आधी चांभारगल्ली. मंदाच्या सासूबाईंचं कुणीतरी भरा.' झालं. बारा हजार किलोमीटरवरून गाव पाण्याला लागायचं आणि विमलताई पुन्हा भाजी चिरायला आत जायच्या.

त्यांचे यजमान काशिनाथराव या सगळ्याला 'नळखातं' म्हणत. काशिनाथराव एसटीच्या वर्कशॉपमधले, युनियनचे. आयुष्यात अकरा मोर्चे, चार उपोषणं आणि दोन वेळा तुरुंग. त्यातला एक तुरुंग दीड दिवसाचा होता, पण तुरुंग तो तुरुंग. निवृत्त झाल्यावरही माणूस स्वस्थ बसला नाही. रोज सकाळी एक लांबलचक निवेदन लिहायचं आणि ते सतरा ग्रुपवर पाठवायचं, हा त्यांचा नेम. इथे आल्यावरही जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचे आणि परत आल्यावर दुधाच्या भावावर निवेदन लिहायचे.

"अहो, इथल्या सरकारला मराठी कळतं का?" विमलताई विचारायच्या.

"कळेल कधीतरी," काशिनाथराव म्हणायचे. "तुझ्या नळखात्यापेक्षा बरं आहे."

शार्दूलचा दोघांनाही भारी अभिमान. कॉम्प्युटर शिकायला म्हणून ऑकलंडला आलेला पोरगा, शिकताना पापाटोएटोच्या एका दुकानात डाळ-तांदळाच्या पिशव्या उचलल्या, मग नोकरी, मग अस्मितासारखी गुणी बायको, आता दोन महिन्यांत बाळ. आणि अकरा आठवड्यांनी कंपनीत दोन वर्षं पुरी झाली की रेसिडेन्सीचा अर्ज, म्हणजे इथे कायमचं राहायला मोकळीक. ही अकरा आठवड्यांची गोष्ट विमलताईंना इतकी पाठ झाली होती की आठ बायकांपैकी कुणी विचारलं नाही तरी त्या सांगायच्या. काम काय करतो, ते मात्र त्यांना धड सांगता यायचं नाही. शार्दूलने सांगितलं होतं, "ट्रॅफिक मॅनेजमेंट." विमलताईंना वाटलं, सिग्नलचं काहीतरी असेल.

आता परदेशात राहणारी मुलं आईबाप आल्यावर सगळ्यात आधी काय करतात? त्यांचे फोन काढून घेतात. शार्दूलनेही पहिल्याच रविवारी दोघांचे फोन ताब्यात घेतले.

"आई, अकरा हजार फोटो आहेत यात! नऊ हजार तर नुसते गुलाब आणि सुप्रभात."

"असू दे की. लोक प्रेमाने पाठवतात."

"फोन मरायला टेकलाय. मी सगळं आधी माझ्या कॉम्प्युटरवर घेतो, मग साफ करतो. काही हरवणार नाही."

फोन खरंच पळायला लागला. विमलताईंनी त्याला त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या. झाला प्रकार तो इथेच झाला, पण कळायला तीन आठवडे गेले.

एका मंगळवारी शार्दूल घरूनच काम करत होता. जेवणाच्या टेबलावर मोठा स्क्रीन लावलेला, पाय अनवाणी, केस विस्कटलेले. विमलताई चहा घेऊन गेल्या. स्क्रीनवर काळ्या पाटीवर रांगोळीचे ठिपके काढावेत तसे शेकडो ठिपके होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मधोमध एक ठिपका लालभडक, लिंबाएवढा. त्याच्याशेजारी लिहिलेलं होतं: सतरा, आणि पुढे सत्त्याण्णव. आणि खाली मराठी अक्षरं. मराठी दिसल्यावर कोण वाचणार नाही? विमलताईंनी चष्मा खाली घेतला.

'आज तीन आणि पाच. आधी चांभारगल्ली. मंदाच्या...'

"अरे, हे माझं आहे!"

शार्दूलने इतक्या झटकन मान वळवली की चहा सांडला.

"हे सत्त्याण्णव कसले? कितीपैकी?"

"शंभर... शंभरपैकी. आई, तू जरा..."

खोटं कशाला सांगा, विमलताईंना आधी आनंदच झाला. मॅट्रिकला त्यांना बावन्न टक्के पडले होते. "अहो, ऐकलंत का!" त्यांनी डेककडे हाक मारली. "शार्दूलच्या ऑफिसात मला शंभरपैकी सत्त्याण्णव मिळालेत!"

काशिनाथराव आले. त्यांनी स्क्रीन पाहिला, बायकोकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न अर्थातच विचारला. "आणि मला?"

शार्दूलने कोपऱ्यातल्या एका बारक्या ठिपक्याकडे बोट केलं. "एकतीस."

"काय?"

"बाबा, तुमचा ठिपका चार नंबरचा. मार्क एकतीस."

"एकतीस म्हणजे नापास! कशाचे आहेत हे मार्क?"

त्यावर मात्र शार्दूलचा चेहरा असा पडला की विमलताईंचा आनंद तिथल्या तिथे विरला. आईच ती. पोरगा आठवीत गणिताच्या पेपरवर खोटी सही करून आला होता, तेव्हाचाच हा चेहरा.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि नीट सांग."

मग शार्दूलने सांगितलं. ट्रॅफिक म्हणजे रस्त्यावरचं नव्हे, इंटरनेटवरचं. एका देशाच्या सरकारला हे यंत्र हवं होतं. कोणता देश ते सांगायची मनाई होती, 'आपल्यासारखाच, अजून वर यायला धडपडणारा' इतकंच तो म्हणाला. तिथे कुठे काही गडबड व्हायच्या आधीच ती कोण करू शकेल, हे त्या सरकारला ओळखायचं होतं. त्यासाठी लोकांचे निरोप यंत्रातून जाणार. यंत्र प्रत्येक माणसाला शंभरपैकी मार्क देणार. जितके जास्त, तितका तो माणूस धोक्याचा.

"धोक्याचा?" विमलताई म्हणाल्या. "मी?"

"आई, काय लिहिलंय हे यंत्र फारसं बघतच नाही. कोण बोललं की किती माणसं हलतात, तेवढं बघतं. तू चार शब्द लिहितेस आणि अर्ध्या तासात साडेतीनशे घरं जागी होतात. रोज. सात वर्षं. कुणी प्रश्नसुद्धा विचारत नाही. त्याच्या दृष्टीने तुझ्यासारखा पुढारी अख्ख्या तालुक्यात नाही."

"आणि माझी निवेदनं?" काशिनाथरावांचा आवाज चढला. "मी सरळ सरळ सरकारला जाब विचारतो त्यात!"

"बाबा, तुमची निवेदनं चारशे शब्दांची असतात. लोक अंगठा दाखवतात आणि पुढे जातात. कुणी हलत नाही."

काशिनाथराव खुर्चीत बसले. चाळीस वर्षांच्या चळवळीला एकतीस मार्क! एरवी विमलताईंनी यावर महिनाभर चिडवलं असतं. पण आत्ता त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच.

"तुला हे निरोप मिळाले कुठून?"

"तुमच्या फोनमधून. त्या दिवशी साफ केले तेव्हा. त्या देशातलं काही बाहेर पाठवायला परवानगी नाही आणि आम्हाला खऱ्या माणसांचं खरं बोलणं हवं होतं, इंग्रजी नसलेलं. ते कुठून आणायचं? म्हटलं, घरचंच आहे. नावं काढली, नंबर घातले..."

"घरचं म्हणून डब्यातला लाडू घ्यावा रे!" विमलताई कडाडल्या. आतल्या खोलीतून अस्मिता पोटावर हात धरून बाहेर आली. "मंदाची सासू अंथरुणाला खिळलीय ते त्यात आहे. राजारामची बायको माहेरी निघून गेली, तिच्या वाटणीचं पाणी कुणी भरायचं, ते त्यात आहे. हे माझंसुद्धा नाही, त्यांचं आहे. त्यांनी माझ्यावर सोपवलेलं. आणि तू ते उचलून त्या मेल्या यंत्राला खायला घातलंस?"

शार्दूल सांडलेला चहा पुसत राहिला.

"बरं, त्या देशात सत्त्याण्णव मार्क मिळाले की काय करतात?"

"ते आमच्याकडे नसतं."

"शार्दूल."

"आधी फोन बंद करतात," तो हळू म्हणाला. "मग घरी येतात."

फोन बंद होणं म्हणजे काय, ते विमलताईंना कुणी सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा अफवेपायी तालुक्यातलं इंटरनेट सहा दिवस बंद केलं होतं. अफवा पसरवणारे आपापल्या घरी मजेत झोपले. इकडे पाणी मात्र पहाटे यायचं आणि कुणाला पत्ता लागायच्या आत गटारातून वाहून जायचं. पहिल्या दिवशी अर्धं गाव कोरडं राहिलं. दुसऱ्या दिवशी विमलताई पदर खोचून निघाल्या आणि दारोदार कड्या वाजवत फिरल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत आठ बायका होत्या. सहाव्या दिवशी नेट आलं तेव्हा त्यांचे घोटे सुजून टम्म झाले होते, पण एकही घर कोरडं नव्हतं. याच्याबद्दल कुणी त्यांचा सत्कार केला नाही आणि त्यांनाही कधी तसं वाटलं नाही.

"काढून टाक मला त्यातून," त्या म्हणाल्या.

"काढता येत नाही आता. म्हणजे निरोप काढता येतील, पण यंत्र त्यांच्यावरूनच शिकलंय. आई, खरं सांगू? आधी ते नीट चालतच नव्हतं. ओरडणाऱ्या माणसांनाच पकडायचं. तुझे निरोप घातले आणि ते शहाणं झालं. आता ते शांत माणसं ओळखतं."

विमलताईंनी पुन्हा त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. म्हणजे त्या देशातही कुठेतरी कुणी बाई असणार. नळाचं सांगणारी, नाहीतर रेशनचं, नाहीतर दवाखान्यात डॉक्टर कधी येणार त्याचं. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तिला हुडकून काढायला आपण शिकवलं. धामणखेडच्या विमलने.

"गुरुवारी त्यांना दाखवायचंय," शार्दूल म्हणाला. "आणि मग हे यंत्र योग्य आहे असं लिहून माझी सही. मी मुख्य आहे ना या कामाचा. माझ्या सहीशिवाय ते इथून बाहेर जात नाही."

"मग करू नकोस सही," काशिनाथराव ताडकन म्हणाले.

"बाबा, अकरा आठवडे राहिलेत!" हे अस्मिता बोलली होती. सासऱ्यांसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता, तो आता चढला आणि चिरकलाही. "नोकरी गेली की व्हिसा लटकला. मला आठवा लागेल. दवाखाना, मिडवाइफ, सगळं इथे ठरलंय. तुम्हाला सोपं आहे म्हणायला. आणि याने नाही केली तर दुसरा कुणी करेल, याच्याच टीममधला."

तिचं काय चुकलं होतं? विमलताईंना सुनेचा राग आला नाही. त्या उठल्या, तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मनात म्हणाल्या, नोकरी सोड म्हणायला माझं काय जातं? मी सहा महिन्यांनी विमानात बसून जाईन. भोगायचं यांना. आठ बायकांना मी अकरा आठवड्यांचं सांगून ठेवलंय, आता काय तोंड दाखवू, हाही विचार मनात येऊन गेला आणि त्याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

बुधवारभर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. संध्याकाळी विमलताई आणि शार्दूल बॉटनीच्या बाजारात मेथी मिळते का बघायला गेले. मिळाली नाही, ती पापाटोएटोलाच मिळते. परत येताना गाडीत शार्दूलने विचारलं, "आई, तू काहीच का बोलत नाहीस?"

"काय बोलू? बोलले की तू म्हणशील आईने सांगितलं म्हणून केलं. उद्या बाळाला ताप आला आणि दवाखान्याचे वांधे झाले, की माझ्या नावाने बोटं मोडशील. तुझी सही आहे, तू बघ." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "फक्त एक सांगते. ती बाई माझ्यासारखी असेल तर ती घाबरणार नाही. पण तिच्या गल्लीला पाणी मिळणार नाही."

शार्दूल सिग्नल हिरवा झाला तरी गाडी थांबवून होता. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा निघाला.

गुरुवारी अकरा वाजता ती मीटिंग होती. शार्दूलने शर्ट घातला, खाली चड्डी तीच. स्क्रीनवर एका चौकटीत त्याचा साहेब ब्रेट, गोरा, हसरा, भला माणूस वाटणारा. दुसऱ्या चौकटीत लांब टेबलामागे बसलेले तीन अधिकारी. "किया ओरा, सगळ्यांना," ब्रेट म्हणाला. "शार्दूलने ढीगभर काम केलंय यावर. बघाच तुम्ही." स्वयंपाकघराच्या दारात विमलताई, काशिनाथराव आणि अस्मिता तिघं उभे. विमलताईंना इंग्रजी थोडं थोडं समजायचं, उरलेलं अस्मिता कानात सांगत होती.

शार्दूलने ठिपके दाखवले, रेघा दाखवल्या. आवाज अगदी सरळ, शिकवल्यासारखा. करतोय, विमलताईंना वाटलं. करणार हा. आणि करू दे, बाळ येतंय. दुसऱ्याच क्षणी वाटलं, नको रे बाबा, नको करू. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं आणि दोन्ही खरं होतं.

मधला अधिकारी पुढे वाकला. त्याने लाल ठिपक्याकडे बोट केलं.

"तो विचारतोय, हा सतरा नंबर कोण," अस्मिता कुजबुजली. "म्हणतोय, टोळीचा म्होरक्या दिसतो. किती वर्षं काम करतोय हा?"

शार्दूल गप्प झाला. ब्रेटने हसून "शार्दूल? आवाज येतोय ना?" असं विचारलं. तरी गप्प. मग तो म्हणाला, आणि यापुढचं विमलताईंना कुणी सांगावं लागलं नाही.

"दॅट इज माय मदर."

तिकडे तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. शार्दूल बोलतच राहिला, आता थांबत नव्हता. अस्मिता कानात भराभर सांगत होती. "म्हणतोय, ती सहासष्ट वर्षांची आहे. गावाला पाणी कधी येणार ते सांगते. म्हातारीचं पाणी भरा म्हणते. सात वर्षांत तिने कुणाकडून एक पेढासुद्धा घेतलेला नाही. म्हणतोय, तिचे निरोप मी तिला न विचारता घेतले, ती माझी चूक, आणि त्याबद्दल मी तिची सगळ्यांसमोर माफी मागतो."

अधिकारी काहीतरी म्हणाला. हसत म्हणाला.

"काय म्हणतोय?" काशिनाथरावांनी विचारलं.

अस्मिताने सासूकडे बघत सांगितलं. "म्हणतोय, वा! इतकी साधी बाईसुद्धा यंत्राने शोधली, म्हणजे उत्तमच आहे. आम्हाला हेच हवंय."

बाई गं! विमलताईंनी दाराची चौकट धरली. त्या माणसाचं हसू त्यांना तीन वर्षांपूर्वीच्या त्या सहा दिवसांपेक्षा जास्त लागलं. पण शार्दूल आता हसत नव्हता, घाबरलेलाही नव्हता. तो टेकून बसला आणि म्हणाला, यंत्र उत्तम आहे हे खरंच. म्हणूनच मी सही करणार नाही. आज नाही, नंतर नाही.

ब्रेटचा चेहरा उतरला. "मेट, आपण दोघं बोलू," तो घाईघाईने म्हणाला आणि चौकट काळी झाली.

नंतर दोघं बोलले. अर्धा तास. ब्रेट वाईट वागला नाही, हे सांगायला हवं. त्याने समजावलं, घर आहे, बाळ येतंय, थोडं थांब, विचार कर. शेवटी म्हणाला की सही नाही तर हे काम नाही, आणि हे काम नाही तर तुला ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. शार्दूल म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', आणि त्याने लॅपटॉप मिटला.

विमलताई त्याच्याजवळ गेल्या. आयुष्यभर त्यांनी मुलाचं कौतुक दुसऱ्यांपाशी केलं, त्याच्या तोंडावर कधी नाही, पोरं शेफारतात म्हणून. आज त्यांनी त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि सरळ सांगितलं, "मला तुझा फार अभिमान वाटतो रे. फार."

चौतीस वर्षांचा बाप्या, आईच्या लुगड्यात तोंड खुपसून हमसाहमशी रडला. काशिनाथराव खिडकीबाहेर बघत उभे होते. "मी दोनदा तुरुंगात गेलो," ते स्वतःशीच म्हणाले, "पण तेव्हा माझ्यापाशी घालवण्यासारखं काही नव्हतं." आणि त्यांनी नाक शिंकरलं.

यंत्र थांबलं का? कोण जाणे. ब्रेटच्या कंपनीत दुसरा मुख्य नेमला असेलही. शार्दूलला नंतर इतकंच कळलं की त्याच्या टीममधल्या एकीने सहीच्या कागदावर तीन प्रश्न लिहून तो परत पाठवला आणि काम पुढे गेलं नाही, निदान त्या महिन्यात तरी. विमलताईंनी त्या आठ बायकांना झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला आणि माफी मागितली. मंदाने उलट विचारलं, "म्हणजे काकू, तुम्ही खरंच पहिल्या आलात?" ग्रुपमध्ये तो दिवस त्याच चर्चेत गेला.

पण नोकरीचं काय? व्हिसाचं काय? शार्दूल रोज अर्ज करत होता. दोन ठिकाणांहून नकार आले. नवा साहेब मिळाला तरी दोन वर्षांची मोजणी कशी होणार, हे वकिलालाही खात्रीने सांगता येईना. अस्मिता त्या दिवसापासून फार बोलत नव्हती. चिडलीही नव्हती, रडलीही नव्हती. जेवायची, फिरायला जायची, पोटातल्या बाळाशी हळूच बोलायची. विमलताईंना तिच्या त्या शांतपणाची भीती वाटायची. पोरीचं सगळं ठरवलेलं आपल्यापायी मोडलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पोरिरुआच्या एका कंपनीचा फॉर्म आला. काम चांगलं होतं, इस्पितळांसाठीचं. रविवारी दुपारी शार्दूल तो भरत बसला होता. विमलताई शेजारी डिंकाचे लाडू वळत होत्या, अस्मिता सोफ्यावर पाय वर करून पडली होती.

एका ओळीपाशी शार्दूल अडला.

"काय झालं?" विमलताईंनी विचारलं.

"विचारलंय, आधीची नोकरी का सोडली."

"मग?"

"वैयक्तिक कारण, असं लिहितो. सगळे तेच लिहितात. उगीच भानगडीचा माणूस वाटायला नको." त्याने तसं लिहिलं.

त्याने एकदा केलं होतं, तेवढं पुष्कळ होतं. रोज रोज कुणी कुणाला शूर हो म्हणू नये. विमलताई खाली बघून लाडू वळत राहिल्या.

सोफा करकरला. अस्मिता एका हाताने पाठ धरत उठली, टेबलाशी आली आणि शार्दूलला म्हणाली, "सरक." तो सरकला. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, ती ओळ पुसली आणि उभ्याउभ्याच टाइप करायला लागली. थांबली नाही, खोडलंही नाही. गेले तीन आठवडे मनात जुळवून ठेवलं असावं तसं लिहीत होती.

"अगं, पण..." शार्दूल म्हणाला.

"नको असेल त्यांना असा माणूस, तर आपल्यालाही ते नकोत. माझ्या बाळाने उद्या विचारलं तर मी काय सांगू, वैयक्तिक कारण?"

तिने बटण दाबलं. फॉर्म गेला. मग ती सासूकडे वळली. "आई, तुम्हाला वाचून दाखवते," ती म्हणाली आणि इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागली.

"मी बनवलेल्या यंत्राने माझ्या आईला धोकादायक ठरवलं. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. म्हणून मी नोकरी सोडली."